काळी चार कुठे आहे?

भजन म्हणणाऱ्या बाईला तुमची पट्टी कोणती म्हणून विचारलं, तर ती चटकन ‘काळी चार’ म्हणते. कुणी ‘काळी पाच’ म्हणते. पुरुष असेल तर ‘काळी एक’, नाहीतर ‘पांढरी दोन’. पेटीच्या पट्ट्या मोजून आपला षड्ज सांगायची ही रीत महाराष्ट्रात इतकी मुरली आहे, की ज्यांनी पेटीला कधी हात लावला नाही तेही आपली पट्टी अशीच सांगतात. मी हिंजवडीत दिवसभर यंत्रांच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि संध्याकाळी घरी इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवते. वाद्याच्या दर्शनी भागाला, म्हणजे बटणं, दिवे आणि अक्षरं ज्यावर असतात त्या पॅनेलला, किती महत्त्व आहे हे मला या ‘काळी चार’ने शिकवलं.

आमच्या माणच्या बाजूला एक भजनी मंडळ आहे. त्यातल्या एका काकूंसाठी मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा करत होते. बाजारात असे तानपुरे मिळतात आणि चांगले मिळतात. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीची ‘रागिणी’ आणि ‘सारंग’ ही यंत्रं कितीतरी गाणाऱ्या घरांत आहेत. पुण्यात गाणं शिकणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यांच्या साथीने रियाज करत आल्या आहेत. पण तारेचा आवाज स्वतः घडवून पाहायची ओढ वेगळीच असते. त्याची युक्ती केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली प्रसिद्ध केली, आणि ती थक्क करणारी सोपी आहे. एका छोट्या स्मृतिसाखळीत क्षणभराचा गोंगाट भरायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घेत जायची. गोंगाट हळूहळू गुळगुळीत होत जातो आणि कानाला छेडलेली तार ऐकू येते. साखळी जितकी लांब तितका स्वर खाली. त्यावर जवारीची झणझण चढवायला बराच काळ घालवावा लागतो, पण एकदा ती जमली की टेबलावर पडलेलं उघडं सर्किट सुरेल बोलू लागतं.

आणि तिथेच थांबतं. कारण त्या अवस्थेत ते वाद्य फक्त माझं असतं. कुठली वायर कशाची, कुठला पॉट आवाजाचा आणि कुठला लयीचा, हे माझ्या बोटांना ठाऊक. दुसऱ्या कुणाला ते वाजवता येत नाही, त्याला हात लावायचीही भीती वाटते. तपकीर गल्लीत लाकडी खोकी मिळतात, प्लॅस्टिकचे डबे मिळतात, पी-३८ जॅक आणि नॉब वजनावर घ्यावेत इतके मिळतात. त्यातून डबा सजवता येतो. पण वाद्य माझ्या हातातून काकूंच्या हातात जायचं, तर मधला पूल या पॅनेलनेच बांधायचा असतो.

मंडपातला आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आठवून पाहा. गणपतीत, हरिनाम सप्ताहात, हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या बगाडाला, लग्नात, सभेत तो दिसतोच. कोपऱ्यात खुर्चीवर ठेवलेला, समोर एका ओळीत गोल बटणं. ऑपरेटर मुलगा इंग्रजी वाचू शकत असो वा नसो, अंधारात, गर्दीत, डोळे व्यासपीठावर ठेवून तो नेमका दुसऱ्या माइकचा नॉब धरतो. बटणांचा क्रम वर्षानुवर्षं फारसा बदललेला नाही, आणि माझ्या मते त्या पॅनेलचं मोठेपण यातच आहे. दिसायला त्यात काही नाही. पण हजारो हातांनी तो क्रम पाठ केला आहे आणि कंपनीने त्या पाठांतराचा मान राखला आहे.

पॅनेलवर काय आहे आणि काय नाही यावर संगीतसुद्धा ठरतं, आणि याचा सर्वांत नवलाचा दाखला मुंबईतला आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली : टीआर-८०८ हा ताल देणारा, ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ नावाची चंदेरी, पुस्तकाएवढी पेटी. त्यावर त्यांनी दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. टीबी-३०३ बनवली होती ती एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून, आणि त्या कामात ती सपशेल पडली. पण तिच्या पॅनेलवर दोन गोष्टी होत्या. एक, स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याचं ‘स्लाइड’चं बटण. दुसरी, वरच्या कडेला एका रांगेत सहा छोटे नॉब, जे वाजत असताना फिरवता येतात. स्लाइडमध्ये चरणजितजींना मींड दिसली. शिकागोच्या तरुणांना त्या नॉबमध्ये एक नवीन संगीत सापडलं आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. मुंबईची ध्वनिमुद्रिका त्याच्या पाच वर्षं आधीची; जगाने तिच्याकडे पुन्हा वळून पाहिलं ते २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर. मला यात सतत जाणवतं ते असं, की ते नॉब जर आत, मागे, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे प्रीसेट म्हणून ठेवले असते, तर सर्किट तेच राहिलं असतं आणि तो आवाज कुणाला ऐकूच आला नसता.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर काम केलं, आणि त्यांच्या व क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या विचारांतून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुतींची पेटी तयार झाली. श्रुती वाढल्या तशा पट्ट्याही वाढल्या, आणि बोटांना सवयीची वाट उरली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या बावीस श्रुतींच्या पेटीत वेगळी वाट धरली. पट्ट्या बाराच ठेवल्या. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन श्रुती, आणि कुठली हवी ते पट्टीसमोरचा छोटा खटका ओढून किंवा ढकलून ठरवायचं. दहा दुणे वीस आणि वर दोन. राग सुरू करण्याआधी खटके लावून घ्यायचे, मग बोटं नेहमीसारखी चालतात. संगीतशास्त्रावर वाद घालायचा तर तज्ज्ञ घालतील. मला त्यात दिसतो तो वादकाच्या सवयीबद्दलचा आदर. गुंतागुंत कुठे उघडी ठेवायची आणि कुठे बाजूला सारायची, याचा तो शहाणा निवाडा आहे.

काकूंच्या तानपुऱ्याला पाच गोष्टी हव्या होत्या : पट्टी, पहिली तार पंचमाला की मध्यमाला की निषादाला, छेडण्याची लय, जवारी आणि आवाज. मी कागदावर पॅनेल काढलं, मूळ मापात छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि भोकं पाडून त्यात खरे नॉब खोचले. पुठ्ठ्याची ही पायरी कुणीही गाळू नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पडद्यावर पॅनेल कधीच खरं दिसत नाही. तिथे ते मोठं करून पाहायची सवय लागते आणि बोटाच्या जाडीचा विसर पडतो. (छापताना बाजूला शंभर मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी आणि फूटपट्टीने मोजावी. प्रिंटर पान बसवायच्या नादात सगळं चोरून थोडं लहान करतो.)

पट्टीच्या नॉबभोवती मी तेव्हा इंग्रजी अक्षरं लिहिली होती, सी, सी शार्प, डी अशी. काकूंनी पुठ्ठा मांडीवर घेतला.

“यातलं पहिलं काय फिरवायचं?”

“हे, काकू. याने पट्टी बदलते.”

“ते कळलं गं. पण यात काळी चार कुठे आहे?”

त्या रात्री मी तो सगळा भाग पुसला. पट्टीसाठी वापरलेला स्विच बारा घरांचा होता, प्रत्येक घर तीस अंशांवर. बारा घरं आणि सप्तकातले बारा स्वर. मग अक्षरांऐवजी नॉबभोवती बारा ठिपके काढले, पांढरे भरीव आणि काळ्या पट्ट्यांसाठी पोकळ कडी. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, मग पांढरी तीन आणि पांढरी चार शेजारी शेजारी, पुढे काळी तीन, असं करत पांढरी सातपर्यंत. दोन पांढरे जिथे लागून येतात तिथे डोळा आपोआप थांबतो, जसा पेटीवर थांबतो. आकडे फक्त कड्यांच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी काकूंनी बोट ठेवून दोनचा गट, तीनचा गट मोजला आणि नॉब थेट काळी चारवर नेला. मी एक शब्द बोलले नव्हते.

वाद्य कुठे बसतं यावरून पुढचं ठरत गेलं. सिंथेसायझरच्या जगात डीटर डोप्फर या जर्मन अभियंत्याने नव्वदच्या दशकात रुळवलेलं माप चालतं. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, सगळं उभ्या चौकटीत डोळ्यांसमोर. माझी घरची बाकीची यंत्रं त्याच मापाची आहेत आणि त्या मापाचं मला प्रेम आहे. पण हा तानपुरा सतरंजीवर, गुडघ्याशेजारी बसणार. वरून, अडीच-तीन फुटांवरून, तिरका दिसणार, बहुतेक वेळा देवघरातल्या मंद उजेडात. हात खालून येणार आणि नॉबच्या खालचं सगळं झाकणार. म्हणून नावं नॉबच्या वर. नॉब पंचवीस मिलिमीटरचे, त्यांच्यामध्ये बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा. आवाजाचा नॉब उजव्या कोपऱ्यात एकटा, कारण गाताना मध्येच हात जातो तो त्यावरच. पट्टी आणि आवाज शेजारी असते, तर अभंग रंगात आलेला असताना कुणाच्या तरी हातून षड्ज सरकला असता.

मग अक्षरं. देवनागरी छोट्या मापात लिहिणं हे स्वतंत्र काम आहे. रोमन अक्षराला दोन रेषांमधली जागा पुरते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. दोन मिलिमीटरमध्ये ‘जवारी’ची वेलांटी ‘र’ला चिकटते आणि ‘पहिली’तलं ‘ह’चं वळण बुजतं. छपाईची शाई सर्वांत बारीक रेषेला साधारण ०.१५ मिलिमीटरच्या खाली नीट धरत नाही, त्यामुळे बारीक-जाड फरक असलेला देखणा पुस्तकी टाइप इथे उपयोगाचा नसतो. सगळीकडे सारख्या जाडीचं, मोकळ्या पोटाचं अक्षर घ्यावं लागतं, आणि मापही चार मिलिमीटरच्या खाली आणू नये. ते वक्ररेषांत बदलून मगच फाइल पाठवावी, म्हणजे पलीकडच्या संगणकावर जोडाक्षरं फुटत नाहीत. र. कृ. जोशींनी पडद्यासाठी ‘मंगल’ हा टाइप घडवला तेव्हा त्यांच्यापुढे ठिपक्यांच्या जाळीचं बंधन होतं. इथे बंधन शाईचं आहे, एवढाच फरक. अशा बंधनांशी प्रामाणिकपणे झगडलेलं अक्षर मला नेहमीच सुंदर वाटत आलं आहे. माझ्या ओळखीतले कितीतरी जण पॅनेलवर इंग्रजीच लिहितात आणि कारण देतात, की तेच ‘प्रोफेशनल’ दिसतं. मला हे मुळीच पटत नाही. नीट बसवलेली देवनागरी कुठल्याही लिपीइतकी नेटकी दिसते; फक्त तिला तिची उंची द्यावी लागते.

पॅनेल घडवायला हिंजवडीसारखी सोयीची जागा क्वचित सापडेल, असं मला वाटतं. इथे काचेच्या इमारतींत आम्ही पडद्यावरची बटणं इकडून तिकडे सरकवत असतो, आणि जवळच भोसरी, चिंचवड, तळवड्याला पत्रा कापणारं, वाकवणारं, रंगवणारं सगळं जग आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, अ‍ॅनोडायझिंग, एकाच पट्ट्यात. तिथे पंपांच्या, कॉम्प्रेसरच्या, मोटारींच्या नेमप्लेट करणारे कारागीर आहेत, आणि वाद्याचं पॅनेल ही शेवटी एक नेमप्लेटच असते, फक्त भोकं जास्त. दोन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गंधकाम्लात विजेचा प्रवाह देऊन अ‍ॅनोडाइज करतात. त्यावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढतो, त्या सूक्ष्म छिद्रांत काळा रंग मुरतो आणि मग उकळत्या पाण्यात ती छिद्रं मिटवतात. नंतर लेझर त्या रंगाला जाळून अक्षर पांढरट उमटवतो. हे अक्षर घामाने, बोटांच्या तेलाने पुसलं जात नाही, कारण ते वर छापलेलं नसून थरातच उमटलेलं असतं.

तिथल्या एका शेडमध्ये मी डीएक्सएफ फाइल घेऊन गेले तेव्हा त्या दादांनी आधी विचारलं, “ताई, किती पीस?” एकच म्हटल्यावर ते क्षणभर थांबले, मग ड्रॉइंग मोठं करून पाहू लागले. “हे बारा ठिपके कशाला?” मी पेटीची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गावाकडे पेटी वाजवायचे. त्यांनी सुचवलं की नॉबच्या भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी काउंटरसिंकने किंचित मारून घ्याव्यात, म्हणजे बर राहत नाही आणि बोटाला धार लागत नाही. शिवाय पॉटच्या अंगावरची ती छोटी खुंटी बसायला मागून वेगळं भोक द्यावं, नाहीतर नॉब जोरात फिरवला की अख्खा पॉट फिरतो. हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी न विचारता सांगितलं याचा फार आनंद झाला.

मिरजेची तंतुवाद्यं मला अशा वेळी आठवतात. १८५०च्या सुमारास तिथे फरीदसाहेबांनी सतार-तानपुऱ्याचं काम सुरू केलं. ते मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लोखंडाची नजर असलेले हात तूणच्या लाकडाकडे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भोपळ्यांकडे वळले आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. ते २०२४ मध्ये मिळालं. तबलीच्या कडेने नक्षी असते, पण घोडी बसते त्या भागात कारागीर काही चढवत नाही. तो भाग आवाजाचा. घरी वाद्यं बनवणाऱ्या आम्हा लोकांना ही शिस्त शिकायला हवी. पॅनेल हातात आलं की त्यावर नक्षत्रं, विजेच्या रेघा, स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत असं सगळं टाकायचा मोह होतो. सजावटीला माझा विरोध नाही. मुंबईच्या अ‍ॅनिमल फॅक्टरीच्या गिटार पेडलवरची चित्रं मला मनापासून आवडतात, कारण ती नॉबच्या वाटेत येत नाहीत. पॅनेलला व्यावसायिक रूप कशाने येतं, असं कुणी विचारलं तर मी चकाकी मोजत नाही. ओळी सरळ आहेत का, सगळ्या नावांचं नॉबपासूनचं अंतर एक आहे का, स्क्रू एका मापाचे आहेत का, हे मी आधी पाहते. अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक कुणालाही सांगता येत नाही, पण सगळ्यांना खटकतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या आधी मी तेच पॅनेल सर्किट बोर्डच्या फायबरवर करून घेतलं होतं. हा उपाय हल्ली जगभरचे हौशी लोक वापरतात, आणि कमी खर्चात नेटकं पॅनेल हवं असणाऱ्याने आधी तोच करावा. १.६ मिलिमीटरचा बोर्ड, त्यावर काळा मास्क, पांढरी छपाई, आणि जिथे मास्क उघडा ठेवाल तिथे सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं. पोकळ कड्या मी त्या सोनेरी तांब्यात काढल्या. भोकं बोर्डवाला मापात पाडून देतो, म्हणजे ड्रिल आणि कानस यांची गरजच उरत नाही. गावात राहणाऱ्या मुलामुलींना हे आणखी जवळ हवं असेल, तर शिरूर तालुक्यातलं पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम उभा केला, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली तिथेच सुरू झाली. करून शिकायचं हे तिथलं ब्रीद. पुणे जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात हे घडलं, याचा मला अभिमान आहे.

तानपुरा आता मंडळात आहे. एकादशीला तो वाजतो, आणि काकू त्याची पट्टी स्वतः लावतात. पण मंडळात पेटी वाजवणारे एक काका आहेत, त्यांना दिसत नाही. ठिपके, कड्या, सोनं, चार मिलिमीटरची अक्षरं, यातलं काहीच त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी पॅनेलवरून दोन्ही तळवे फिरवले आणि विचारलं, “हा कुठून सुरू होतो?” सुदैवाने त्या स्विचला टोकाला अडसर आहे. पूर्ण डावीकडे नेला की तो पांढरी एकवर थांबतो. तिथून आठ टिक मोजल्या की काळी चार. काका आता मोजतात, पण मोजायला वेळ लागतो, आणि मध्येच गायक बदलला तर पुन्हा डावीकडे जाऊन सुरुवात करावी लागते.

म्हणून पुढचं पॅनेल काढायला घेतलं आहे. पट्टीसाठी चोच असलेला नॉब, म्हणजे तो कुठे रोखला आहे ते बोटाला कळेल. बारा ठिपक्यांपैकी पाच काळ्या घरांवर पत्र्यातून किंचित वर आलेले उंचवटे, पांढरी घरं सपाट. दोनचा गट आणि तीनचा गट, पेटीवर असतात तसेच. उंचवटे किती उंच हवेत यावर भोसरीच्या दादांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात मागून पंच मारून पत्रा उठवू, मी म्हणते भोकं पाडून पितळी रिव्हेट बसवू, कारण पंचाने अ‍ॅनोडायझिंगच्या थराला तडा जाईल. दोन्ही प्रकारचे तुकडे त्यांनी करून दिले आहेत. येत्या गुरुवारी भजनाच्या आधी काका ते हात लावून पाहणार आहेत. कुठले ठेवायचे ते तेच सांगतील.